चारशे बारानंतर

सुईत दोरा ओवून धाकटीने वाळलेली फांदी कागदावर बसवली आणि पहिला टाका घातला. पानं डिंकाने चिकटतात, पण जाड देठाला दोराच लागतो, आणि गाठ कागदाच्या मागच्या बाजूला मारावी लागते. तीस वर्षं हे काम काकांचं होतं. गेल्या महिन्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून देठ शिवायचं काम तिच्याकडे आणि शेजारी बसून चुका काढायचं काम काकांकडे आलं होतं.

“बाई, हा टाका आहे की कुंपण?” काका म्हणाले. “एवढं आवळून बांधायला ते काय पळून जाणार आहे?”

वाळलेल्या झाडांचा हा संग्रह तिच्या ताब्यात होता. नव्वद लोखंडी कपाटं आणि त्यांत सव्वादोन लाख कागद. संस्थेत तिला मॅडम म्हणत, काका बाई म्हणत. घरी मात्र वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीही ती धाकटीच होती, आणि ही गोष्ट तिच्या घरापर्यंत जाणार असल्यामुळे आपणही तेच म्हणू.

दार ढकलून भिंग आत आली. झाडं बघायचं भिंग दोऱ्याला बांधून ही मुलगी कायम गळ्यात घालायची, म्हणून संशोधनाच्या पहिल्याच वर्षी तिला ते नाव पडलं आणि चिकटलं. तीन आठवड्यांपूर्वी तिने संस्थेच्या संचालकांविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. संचालकांना सगळे नुसतं सर म्हणत. तक्रार बारा वाजता दिली. एक वाजता ती जेवायला बसली तेव्हा त्या टेबलावरून चार जण आपापलं ताट घेऊन उठले. कोणी काही बोललं मात्र नाही. न बोलायची शिस्त संस्थेत फार जुनी होती.

“मॅडम, पाच मिनिटं आहेत?”

“काका, तुम्ही चहा घेऊन येता?” धाकटीने विचारलं.

“म्हणजे मी बाहेर जाऊ.” काका गुडघ्यावर हात टेकून उठले. “तसं सरळ सांगा की. डोळा गेलाय माझा, कान शाबूत आहेत.”

ते गेल्यावर भिंगने एक कागद टेबलावर ठेवला. त्यावर चार ओळींचा तक्ता होता.

झाडं गोळा करणारा माणूस आयुष्यभर एकच मोजणी चालवतो. पहिल्या दिवशीचं पहिलं झाड एक, मग दोन, मग तीन. नोकरी बदलली, देश बदलला, लग्न झालं, तरी आकडा पुढेच जातो. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यातल्या लेबलावर गोळा करणाऱ्याची आद्याक्षरं, त्याचा नंबर आणि तारीख असते. त्यामुळे कपाटं नीट वाचली, तर कोण कुठल्या दिवशी कुठल्या डोंगरावर होतं ते कळतं. आणि कोण नव्हतं, तेही.

“मी सरांचे सगळे दौरे काढले,” भिंग म्हणाली. “चव्वेचाळीस. तुलनेसाठी बाकीच्या शिक्षकांचे एकसष्ट घेतले.”

“तुलना कशाला?”

“नाहीतर म्हणतील, माणूस आहे, आजारी पडतो.” तिने खुर्ची पुढे ओढली. “बाकीच्यांच्या दौऱ्यांत मदतनिसाचे नंबर मध्येच थांबले असं दोनदा झालंय. एकाला साप चावला होता, एकाला कावीळ. दोघांचे नंबर पुढच्या वर्षी परत सुरू झाले. सर मुलग्यांना घेऊन गेले किंवा गटाने गेले, तेव्हा एकदाही असं नाही. एकाच मुलीला घेऊन गेले असे दौरे सात. सातांपैकी चारांत नंबर मध्येच तुटतात. आणि ते परत सुरूच होत नाहीत. मी नव्वद कपाटं पाहिली.”

तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“सतरा वर्षांपूर्वी. तेरा दिवसांचा दौरा. पाचव्या दिवशी चारशे बारा. सहाव्या दिवसापासून लेबलं सरांच्या अक्षरात आहेत. मॅडम, चारशे तेरा कुठे आहे?”

धाकटीच्या हातात अजून सुई होती. तिने ती सुयांच्या उशीत खोचली, काढली, परत खोचली.

“मी गोळा करायचं सोडलं,” ती म्हणाली. “गोळा केलेलं सांभाळायला कोणीतरी लागतं.”

“चौथी ओळ माझी आहे. गेल्या वर्षीची. शहाण्णववर थांबते.”

मग भिंगने बाकीचं सांगितलं, जसं हवामान सांगावं तसं. समितीकडे सरांचं उत्तर आलं होतं. या मुलीच्या प्रबंधाचं एक प्रकरण दोनदा परत पाठवलं, म्हणून तिने राग काढला, असं त्यात होतं. तक्रार एकटीची आणि साक्षीदार नाही. सोमवारी सुनावणी होती. शुक्रवारपर्यंत आणखी कोणी लेखी दिलं तर समिती ऐकणार होती, पण नावानिशी. बिननावी कागद त्या टेबलावर चालत नव्हता.

“पहिल्या दोघी कोण?”

“पहिलीची आद्याक्षरं आहेत, पण त्या आद्याक्षरांची कोणी बाई आज या विषयात दिसत नाही. दुसरी परदेशात असते. मी पत्र पाठवलं. आलं नाही उत्तर.”

“त्यांची अक्षरं तक्त्यातून काढून टाक,” धाकटी म्हणाली. “ज्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या वतीने आपण सांगायचं नाही.”

“आणि तुमची?”

“माझीही काढ. सध्या.”

तो ‘सध्या’ भिंगने ऐकला. कागदाची घडी घालून ती उठली.

तक्रारीचा फॉर्म आस्थापना विभागात मिळत होता. तिथल्या लिपिकाने तो खालच्या खणातून काढला, वरची धूळ बाहीने पुसली आणि सवयीने समजावून सांगितलं. नाव. पत्ता. घटनेची तारीख. ठिकाण. साक्षीदार. शेवटी ‘विलंब झाला असल्यास विलंबाचे कारण’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढे दीड ओळीची जागा.

“याची एक प्रत समोरच्या पक्षाला जाते,” तो म्हणाला.

“पत्त्यासकट?”

“पत्त्यासकट. नियम आहे, मॅडम. त्यांना कळायला नको, कोण म्हणतंय ते?”

ताई दर बुधवारी यायची. ती नर्स होती. आल्या आल्या आधी आईचं ब्लडप्रेशर बघायची, मग फ्रिज, मग धाकटीचं तोंड, आणि तिन्हींवर शेरा मारायची.

“आईचं बरं आहे. फ्रिजचं बरं नाही. तुला काय झालंय?”

धाकटीने ओट्यावरच्या बटाट्यांशेजारी फॉर्म ठेवला. तारीख आणि ठिकाण तिने भरलं होतं. खाली अकरा ओळींत काय झालं ते होतं: डोंगरावरचं विश्रामगृह, दाबलेल्या झाडांखालचे ओले कागद बदलायचे आहेत म्हणून सर खोलीत आले, आतली कडी त्यांनी लावली, पुढे आणखी आठ ओळी. पहाटेची पहिली बस पाच चाळीसची होती, इथे मजकूर संपत होता.

ताईने वाचलं. नळ चालू राहिला होता, तो तिने वाचता वाचता बंद केला.

“सर? आपले सर?”

“आपले कधी होते?”

“अगं, बाबांची खाट—”

“ती नंतर. दोन वर्षांनी.”

बाबांना हृदयाचा झटका आला तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात जागा नव्हती. सरांनी एक फोन केला आणि संध्याकाळी खाट मिळाली. बाबा त्यानंतर आणखी सहा वर्षं जगले. आईच्या तोंडी ती खाट अजून आठवड्यातून एकदा तरी यायची.

“सतरा वर्षं,” ताई म्हणाली. “मला का नाही सांगितलंस?”

“तू बाळंतीण होतीस. सातवा दिवस होता.”

“मग आठव्या दिवशी सांगायचं होतंस.” तिचा आवाज चढला आणि दाराकडे बघून लगेच उतरला. तिने एक बटाटा उचलला, सोलायला घेतला, गरजेपेक्षा फार जाड साल काढली. “तुझं ते संग्रहालय कोणाच्या सहीवर चालतं?”

“त्यांच्याच.”

“निवृत्त कधी होतोय?”

“दीड वर्षाने.”

“मग थांब ना दीड वर्ष! एवढी थांबलीस.”

“ताई, सतरा वर्षं मी दीड-दीड वर्षच थांबते आहे. आधी पदवी होऊ दे. मग नोकरी पक्की होऊ दे. मग बाबा बरे होऊ देत.”

ताईने सुरी खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेरच्या खोलीतली भिंत दिसत होती. तिथे काचेच्या चौकटीत वर्तमानपत्राचं कात्रण होतं. पंचविशीतल्या दिसणाऱ्या धाकटीच्या हातात एक रोपटं, शेजारी सर, वर मथळा: शिष्येने नव्या वनस्पतीला दिले गुरूचे नाव.

“पहिलं हेच विचारतील,” ताई म्हणाली. “झाल्यानंतर तू झाडाला त्याचं नाव दिलंस. वर्षाच्या आत. चिडू नकोस, पण मलाही नाही कळत.”

“नाही चिडले.”

“काय कुजबुजताय गं दोघी?” आईने आतून विचारलं.

“काही नाही, आई. बटाटे सडलेत,” ताई म्हणाली आणि फॉर्मवर ताट पालथं घातलं.

आईला मी सांगू का, असं ताईने जाताना जिन्यात विचारलं. धाकटी नको म्हणाली. तिने स्वतःच सांगितलं, गुरुवारी सकाळी, आई धुतलेले टॉवेल घडी घालत होती तेव्हा. चार वाक्यं लागली. अकरा ओळींची चार वाक्यं कशी करायची ते तिने रात्रभर जुळवलं होतं. आईने हातातली घडी पूर्ण केली, दुसरा टॉवेल घेतला.

“तुझ्या बाबांना माहीत होतं?”

“नाही.”

“बरं झालं.” आणखी दोन टॉवेल झाले. “सहा वर्षं जगले ते त्या माणसाच्या शब्दावर. मी देवाशेजारी त्याचं नाव घेतलंय रोज. ते आता कुठे ठेवायचं मी?”

टॉवेलांचा गठ्ठा छातीशी धरून आई कपाटाकडे गेली. भिंतीवरचं कात्रण त्या दिवशी कोणीच काढलं नाही.

राहिला होता तो दीड ओळीचा रकाना. धाकटीने कच्च्या कागदावर आधी ‘भीती’ असं लिहिलं. मग खोडलं, हे कारण नव्हे, नुसता शब्द झाला. मग पदवी, नोकरी, बाबा, कात्रण, भिंग तेव्हा नव्हती, असं एकाखाली एक लिहून पाहिलं. ते पानभर झालं. शुक्रवारी सकाळी ते पान पुरवणी म्हणून जोडायला ती लिपिकाकडे घेऊन गेली.

“पुरवणी नाही चालत, मॅडम. रकान्यात बसेल तेवढंच.”

तिने त्याचंच पेन घेतलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर उभ्या उभ्या लिहिलं: ‘कारण दर वर्षी बदलत गेले.’ लिपिकाने कागद आधी उलट्या बाजूने वाचला, मग सरळ करून वाचला.

“असं चालतं का?”

“खरं आहे,” ती म्हणाली. त्याने शिक्का मारला.

परत आली तेव्हा काका उरलेल्या चांगल्या डोळ्याने रिकाम्या कागदांच्या कडा तपासत होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. आस्थापना विभागातून संग्रहालयापर्यंत माणूस चालत चार मिनिटांत येतो, बातमी दोन मिनिटांत.

“त्या वर्षी तुम्ही एकट्याच परत आलात,” ते मान वर न करता म्हणाले. “पाठीवरची झाडं दाबायची प्रेस अर्धीच भरलेली. मीच तुमच्या हातातून घेतली. कागद बदलले, झाडं वाळवली. वाटलं होतं मला काहीतरी.”

“मग?”

“मग काय. मी डिंक लावतो, बाई.” त्यांनी दोन कागदांच्या कडा जुळवून टेबलावर आपटल्या. “माझे नोकरीचे पाच महिने राहिलेत.”

“मी काही विचारलं नाही, काका.”

“विचारू नये म्हणूनच सांगतोय.”

थोड्या वेळाने ते उठले, न सांगता चहा घेऊन आले आणि तिच्या कपाखाली त्यांची स्वतःची बशी ठेवली. तिने चहा घेतला. त्यांच्यावर रागवायचं तिला सुचलं नाही. सतरा वर्षं एका टेबलावर दोघं तेच गिळत होते, फक्त एकमेकांना माहीत नव्हतं.

सोमवारी अकराला बैठकीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला समिती बसली होती. मधे अध्यक्षा, त्या निवृत्त न्यायाधीश होत्या आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ काढून शेजारी ठेवत, परत घालत. डावीकडे संस्थेचे प्रशासन अधिकारी. उजवीकडे बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञ, दुसऱ्या विद्यापीठातल्या विभागप्रमुख. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. गवतांवरचा त्यांचा ग्रंथ धाकटीच्या टेबलावर कायम असायचा. सरांच्या साठीनिमित्त जो ग्रंथ निघाला त्याची प्रस्तावनाही याच बाईंनी लिहिली होती, त्यामुळे त्यांच्याकडून धाकटीला काही आशा नव्हती. लिपिक टोकाला वही घेऊन बसला होता. समोरच्या बाजूला धाकटी आणि भिंग; सरांना दुपारी वेगळं बोलावलं होतं. भिंगने आपली पिशवी तिसऱ्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली होती.

अध्यक्षांनी अकरा ओळी मोठ्याने वाचल्या. धाकटीने हो, हे मी लिहिलं आहे, असं सांगितलं. कडी आतून होती की बाहेरून, दिवा चालू होता का, तुम्ही ओरडलात का, विश्रामगृहात आणखी कोण होतं, असे प्रश्न झाले. आठवत होतं ते तिने सांगितलं. जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हणाली. तेव्हा अधिकारी दर वेळी काहीतरी टिपून घेत.

“सतरा वर्षं म्हणजे फारच काळ झाला,” ते म्हणाले. “त्यात माणसाला स्वप्नातलंसुद्धा खरं वाटायला लागतं.”

“बसचं तिकीट स्वप्नात मिळत नाही,” भिंग पुटपुटली. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं.

मग तज्ज्ञबाई पहिल्यांदा बोलल्या. त्यांच्यासमोर एका जुन्या नियतकालिकाची झेरॉक्स होती.

“यानंतर अकरा महिन्यांनी तुम्ही एका नव्या वनस्पतीला त्यांचं नाव दिलंत. ‘ज्यांच्या ऋणातून उतराई होणे अशक्य’ असे शब्द आहेत तुमचे. असं लिहा म्हणून कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.”

“त्यांनी सुचवलं?”

“नाही. माझंच डोकं.”

“मग का?”

बुधवारपासून धाकटी हा प्रश्न बरोबर घेऊन हिंडत होती. विचारला गेल्यावर तो वाटला होता तेवढा जड लागला नाही.

“पदवीच्या कागदांवर त्यांची सही राहिली होती,” ती म्हणाली. “मला वाटलं, नाव दिलं तर त्यांची खात्री पटेल की माझ्या मनात काही नाही. मग ते सही करतील आणि परत दौऱ्यावर बोलावणार नाहीत. तसंच झालं. दोन्ही झालं.” ती थांबली. “आणि छापून आल्यावर थोडे दिवस मलाही बरं वाटलं. ज्या माणसाबद्दल एवढं चांगलं लिहिलं, त्याने असं काही केलंच नसेल, असं.”

तज्ज्ञबाई झेरॉक्सकडे बघत राहिल्या.

“ते नाव मागे घेता येईल का?” अध्यक्षांनी त्यांना विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “नियमाप्रमाणे छापलेलं नाव राहतं. ज्याने दिलं त्यालाही ते परत घेता येत नाही.”

मग भिंगचा तक्ता निघाला. तिसऱ्या ओळीपुढे आता धाकटीचं पूर्ण नाव होतं, चौथीपुढे भिंगचं. वरच्या दोन ओळींत नुसतं साल, दिवस आणि आकडे. भिंगने सगळं परत समजावलं. एकसष्ट, चव्वेचाळीस, सात, चार. बोलताना ती हातवारे अजिबात करत नव्हती. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून ठेवले होते.

“आकडे काय, बसवू तसे बसतात,” अधिकारी म्हणाले. “घरची आठवण आली, पायाला फोड आले, मुलगी आली परत. त्यात नवल काय? डोंगरात काय सगळ्यांनाच मानवतं?”

अध्यक्षांनी तक्ता उजवीकडे सरकवला. “हे तुमच्या विषयातलं आहे. या नोंदींवर भरवसा ठेवायचा का, ते तुम्ही सांगा.”

तज्ज्ञबाईंनी चष्मा बदलला. चार ओळी वाचायला लागावा त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ त्या वाचत होत्या. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं-पीं आवाज येऊन थांबला. अध्यक्षांनी घड्याळ हातात घातलं.

“तक्ता चुकीचा आहे,” तज्ज्ञबाई म्हणाल्या.

अधिकारी खुर्चीत मागे टेकले. भिंगचे हात मांडीखालून बाहेर आले.

“कुठे?” तिने विचारलं. आवाजात भीतीपेक्षा जास्त काहीतरी होतं, गणित चुकल्यावर होतं ते.

“पहिल्या ओळीत. एकशे अठ्ठ्याऐंशी लिहिलंय. एकशे एकोणनव्वद हवं.”

“नाही, मॅडम. कपाटात शेवटचा एकशे अठ्ठ्याऐंशीच आहे. मी तीनदा पाहिलंय.”

“कपाटात नसणारच.” तज्ज्ञबाईंनी चष्मा काढून कागदावर ठेवला. “तो मी परत येताना बसच्या खिडकीतून फेकला.”

लिपिकाचं पेन थांबलं. त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षा तज्ज्ञबाईंकडे पाहत होत्या. तज्ज्ञबाई बाजूच्या भिंतीकडे. धाकटीला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, फक्त टेबलावरचा एक हात दिसत होता, पसरलेला, वाऱ्याने उडणारा कागद दाबून धरावा तसा. खिडकी तर बंद होती.

“तुमचं आडनाव तेव्हा...” भिंग म्हणाली.

“वेगळं होतं. लग्नाआधीचं.”

“मग तुम्हाला या बाजूला बसता येणार नाही,” अध्यक्षा म्हणाल्या. हे त्यांनी शक्य तेवढ्या हळू आवाजात सांगितलं.

“हो. माहीत आहे मला.”

“पण मग समितीत आपण दोघंच उरतो,” अधिकारी सरळ बसत म्हणाले. “तीन लागतात. आजचं काही धरता येणार नाही. नवा सदस्य नेमायचा तर संचालकांची सही...” आपण काय बोलतो आहोत ते कानावर पडून ते वाक्याच्या मध्येच थांबले.

“म्हणजे परत पहिल्यापासून,” लिपिक म्हणाला आणि जीभ चावली. “बाईसाहेब, हे आत्ताचं लिहायचं की नाही?”

“लिहा,” अध्यक्षा म्हणाल्या. “शब्दन्‌शब्द.”

तज्ज्ञबाईंनी आपली वही मिटली, दोन्ही चष्मे पर्समध्ये टाकले. झेरॉक्स तिथेच राहू दिली. पाण्याचा ग्लास उचलला आणि तो सांडणार नाही अशा बेताने त्या लांब टेबलाला वळसा घालून चालू लागल्या.

भिंगने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.